तांब्याचा काटा, युरेनियमचा कायदा

पवईला एके काळी खाणी होत्या, पण त्या दगडाच्या. आज हिरानंदानी नावाने ओळखली जाणारी उंच इमारतींची वसाहत ज्या टेकड्यांवर उभी आहे, तिथे ऐंशीच्या दशकापर्यंत सुरुंग लावून काळा पाषाण फोडला जात होता. मुंबईच्या रस्त्यांना आणि इमारतींना लागणारी खडी अशाच उपनगरी खाणींतून येई. हा सह्याद्रीचा बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा थर खडीला उत्तम. परंतु धातूच्या दृष्टीने जवळजवळ वांझ. पूर्व विदर्भात, जिथे हा थर संपून त्याहून प्राचीन खडक उघडे पडतात, तिथे चंद्रपूर जिल्ह्यातील थानेवासना येथे तांब्याच्या खुणा आहेत. थोडे पुढे, बालाघाट जिल्ह्यात, मलाजखंडची मोठी उघडी खाण १९८२ साली सुरू झाली. बाकी महाराष्ट्राच्या पोटात तांबे नाही म्हटले तरी चालेल. युरेनियमचे तर नावच नको.

आणि तरीही या दोन्ही धातूंचा आधुनिक भारतीय इतिहास लिहायचा झाला तर तो पवईच्या आसपासच्या पाच-सात कोसांत बराचसा सापडतो. पवईत १९४८ साली लार्सन आणि टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांच्या कंपनीने पंचावन्न एकर दलदल आणि रान विकत घेतले, आणि पुढे तेथील कारखान्यात अणुभट्ट्यांचे अवजड भाग घडले. शेजारीच १० मार्च १९५९ रोजी नेहरूंच्या हस्ते आयआयटीच्या संकुलाची कोनशिला बसली. आग्नेयेस तुर्भ्याला, ज्याला इंग्रजी कागदांनी ट्रॉम्बे केले, त्याच वर्षाच्या जानेवारीत शुद्ध युरेनियम धातूची पहिली लगड ओतली गेली. दक्षिणेस कुर्ल्याला कमानींचा तांब्याच्या नळ्यांचा कारखाना, पश्चिमेस साकीनाक्याची भंगाराची गोदामे, आणि त्याहून थोडे पुढे अंधेरीला एमसीएक्स हा वायदेबाजार, जिथे २००४ पासून तांब्याचे वायदे होत आले आहेत. खाण दूर आणि बाजार जवळ, अशी ही भूमी आहे. प्रस्तुत लेखाचा विषय या दोन धातूंतील एक विलक्षण नाते हा आहे: एकाला उघड भाव होता, दुसऱ्याला कायद्यानेच भाव नव्हता, आणि तरीही, निदान काही काळ, दुसऱ्याचे नशीब पहिल्याच्या भावावर ठरत होते.

साहित्याच्या अभ्यासकांना पहिली गोष्ट लक्षात येईल ती शब्दांची. ज्या प्रदेशात तांब्याची खाण नाही त्या प्रदेशाची भाषा तांब्याने भरलेली आहे. तांब्या हे भांडे आहे, तांबट ही जात आणि व्यवसाय आहे, आणि तांबट हा पक्षीही आहे, कारण त्याचा टुकटुक आवाज पत्र्यावरच्या हातोडीसारखा येतो. पहाटे तांबडं फुटते, पिकावर तांबेरा पडतो, जागरणाने डोळे तांबारतात. पुण्याच्या कसब्यातील तांबट आळीत पेशवाईत कोकणातून येऊन वसलेल्या कारागिरांनी मठारकाम रुजवले. ठोकून ठोकून पत्र्यावर उमटवलेले ते खवले आजही तिथे पाहायला मिळतात. शिवाजी महाराजांची शिवराई तांब्याची होती. हे सारे तांबे बाहेरून येत होते. सतराव्या शतकात डच कंपनीने जपानी तांबे सुरतेपासून मलबारपर्यंत विकले. अठराव्या शतकात इंग्रज कंपनीची जहाजे कॉर्नवॉलच्या खाणींचे तांबे घेऊन मुंबईच्या बंदरात येऊ लागली. पायधुणीजवळच्या 'तांबा काटा' या भागाचे नावच सांगते की इथे तांबे तोलले जाई. काटा सर्वांसमोर उभा असतो. वजन आणि भाव ऐकायला कोणालाही मज्जाव नसतो. भाषेत एखादी वस्तू अशी मुरायची असेल तर ती आधी हाताळली, तोलली, घासाघीस करून घेतली आणि अखेर मोडीत विकली गेली पाहिजे, असे मला वाटते.

तांब्याला आणखी एक मान होता. हक्क लिहून ठेवायचा तो त्याच्यावर. पवई ज्या साष्टी बेटात येते, त्याच बेटावरील ठाण्याच्या किल्ल्यात १७८७ साली खोदताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा ताम्रपट सापडला. शके ९३९ चा, म्हणजे इसवी १०१७ चा. एशियाटिक सोसायटीच्या पहिल्याच खंडात त्याचे वाचन प्रसिद्ध झाले. अशा दानपत्रांत देणगी आचंद्रार्क, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत, चालावी असे म्हणण्याचा प्रघात होता. भूर्जपत्र कुजते, लोखंड गंजते. तांबे हिरवे पडते पण अक्षर सोडत नाही. ही परंपरा इतकी चिवट की स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १९७२ साली, सरकारने स्वातंत्र्यसैनिकांचा गौरव केला तोही ताम्रपट देऊन. आणि रंगनाथ पठारे यांनी १९९४ साली आपल्या कादंबरीला नाव दिले ते 'ताम्रपट' हेच.

त्याच १९७२ सालात आणखी एक घटना घडली, जिची आठवण साहित्यिकांना नसली तरी हरकत नाही. बिहारच्या (आता झारखंडच्या) सिंहभूम जिल्ह्यातील इंडियन कॉपर कॉर्पोरेशन ही ब्रिटिश कंपनी सरकारने ताब्यात घेतली. मोसाबनीच्या खाणी आणि घाटशिळेजवळच्या मऊभंडार येथील, १९३०च्या सुमारास पेटलेली भट्टी, एवढा तिचा पसारा. ती हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीत विलीन झाली. ही सरकारी कंपनी १९६७ च्या नोव्हेंबरात स्थापन झाली होती. त्याआधी जेमतेम महिनाभर, ४ ऑक्टोबर १९६७ रोजी, त्याच सिंहभूममध्ये युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली होती. एकाच पट्ट्यातील एकाच प्रकारच्या खडकातून निघणाऱ्या दोन धातूंना महिनाभराच्या अंतराने दोन सरकारी घरे मिळाली. एक घर खाण मंत्रालयाच्या वाटेवरचे, दुसरे अणुऊर्जा खात्याच्या.

सिंहभूमच्या या पट्ट्यात तांबे आणि युरेनियम शेजारी-शेजारी आहेत. काही ठिकाणी तर एकाच शिरेत. तांब्याचे खाणकाम तिथे प्राचीन. युरेनियमचा साठा जादुगोडा येथे सापडला तो १९५१ साली, देशातील पहिला. दोहोंच्या प्रमाणातील फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. सिंहभूमच्या एक टन दगडातून दहा-बारा किलो तांबे मिळते; जादुगोड्याच्या एक टन दगडातून युरेनियम ऑक्साइड साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे जवळजवळ सगळा डोंगर दळून, आम्लात भिजवून, गाळ म्हणून पुन्हा जमिनीवर पसरायचा. जे उरते त्याला 'यलो केक' म्हणतात. हे नाव मिठाईच्या दुकानातले वाटते, आणि कदाचित म्हणूनच ते टिकले असावे.

तुर्भ्याला १९५९ साली ओतलेल्या लगडीमागे ब्रह्मप्रकाश या धातुशास्त्रज्ञाचे आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांचे श्रम होते. १० जुलै १९६० रोजी सायरस ही अणुभट्टी प्रक्रियाशील झाली, तिला नैसर्गिक युरेनियमच्या कांड्या लागत. काही कॅनडाच्या, काही तुर्भ्याच्या. होमी भाभांनी लार्सन-टुब्रोला अणुभट्टीचे भाग घडवायला सांगितले ते याच दशकाच्या आगेमागे. या साऱ्यात खरा अभिमान होता, आणि तो पोकळ नव्हता. तेव्हाच्या अभियंत्यांच्या आठवणी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे ठाऊक असेल. मात्र या कथेत एक पात्र पहिल्यापासून गैरहजर आहे: गिऱ्हाईक. १९४८ च्या आणि मग १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने युरेनियम हा 'विहित पदार्थ' ठरला. तो शोधायचा सरकारने, काढायचा सरकारने, घ्यायचा सरकारने. १९६२ च्या कायद्याच्या अठराव्या कलमाने त्याविषयीची माहिती देण्यावरही बंधन घालता येई. युरेनियम कॉर्पोरेशन जे खात्याला देई त्याचा मोबदला ठरे तो खात्यानेच ठरवलेल्या दराने. विक्रेता आणि खरेदीदार एकाच घरातले असल्यावर भाव हा शब्दच निरर्थक होतो. उरतो तो हिशेब, आणि तोही बंद वहीतला.

इथे एक आक्षेप येईल: संरक्षणाशी निगडित पदार्थ बाजारात मांडायचा की काय? अर्थातच नाही. पण गुप्ततेची गरज आणि गुप्ततेची सवय यांत फरक असतो. किती युरेनियम निघाले हे झाकण्याला कारण असेल. गाळाच्या तळ्याशेजारच्या विहिरीत काय आहे हे झाकण्याला कोणते?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सिंहभूमच्या तांब्याच्या खाणीतून दगड दळून तांबे वेगळे काढल्यावर जो गाळ राही, त्यातही अल्प युरेनियम असे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत युरेनियम कॉर्पोरेशनने सुरदा, राखा आणि मोसाबनी येथे, तांब्याच्या कारखान्यांना लागूनच, हा गाळ पुन्हा धुऊन युरेनियम काढणारे संच उभारले आणि तिथला माल जादुगोड्याला नेला. योजना हुशारीची होती. खोदण्याचा, दळण्याचा खर्च तांब्याच्या खात्यावर. युरेनियम जवळजवळ वरकड. जोवर तांब्याच्या खाणी सरकारी संरक्षणाखाली, आयातीवरच्या नियंत्रणामागे सुखरूप होत्या, तोवर हे चालले.

मग १९९१ नंतरची वर्षे आली. तांब्याची आयात मोकळी झाली, आणि देशातील तांब्याचा भाव लंडनच्या भावाला जोडला गेला. लंडनचा धातुबाजार १८७७ चा. तिथले वायदे तीन महिन्यांचे, कारण चिलीहून तांबे आणि मलायाहून कथील घेऊन येणारी जहाजे साधारण तेवढा वेळ घेत. चिलीच्या आटाकामा वाळवंटातील प्रचंड उघड्या खाणींपुढे सिंहभूमच्या खोल, अरुंद, जुन्या खाणी टिकणे कठीण होते. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर लंडनचा भाव टनाला दीड हजार डॉलरच्याही खाली उतरला. राखाची खाण २००१ साली थांबली. मोसाबनी आणि सुरदा त्यापाठोपाठ. आणि त्यांच्याबरोबर गाळातले ते युरेनियमही थांबले. ज्या धातूला आपण बाजारापासून कायद्याच्या भिंतीने तोडून ठेवले होते, त्याची एक धार लंडनच्या एका दालनात तांबड्या बैठकांवर गोल बसून ओरडणाऱ्या दलालांनी बंद केली. त्यांना त्याची गंधवार्ताही नसणार. विशेष म्हणजे लगेच, २००६ च्या मे महिन्यात, तोच भाव आठ हजार डॉलरच्या पुढे गेला आणि सुरदा २००७ साली पुन्हा उघडली. मधल्या काळात मोसाबनीची कामगार वस्ती ओस पडत गेली. भाव चढला म्हणून गेलेली माणसे परत येतातच असे नाही.

तांब्याच्या मोकळ्या बाजाराचा महाराष्ट्रातील अध्याय मात्र निराळा आहे, आणि तो आपल्याकडे पुरेसा लिहिला गेलेला नाही. स्टरलाइट कंपनीला आयात केलेल्या खनिजापासून तांबे गाळणारा मोठा कारखाना उभारायचा होता. खाण नको, बंदर हवे, ही त्यामागची नवी तर्कपद्धती. १९९२ साली महाराष्ट्र शासनाने रत्नागिरीत सुमारे पाचशे एकर जमीन दिली. बांधकाम सुरू झाले. गंधकाच्या धुराने हापूसचा मोहोर जळेल, खाडीतली मासळी जाईल, या भीतीने बागायतदार आणि मच्छीमार एकत्र आले, आंदोलन पेटले, १९९३ च्या जुलैत जिल्हाधिकाऱ्यांनी काम थांबवण्याचा आदेश दिला. कारखाना तामिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तिथे २२ मे २०१८ रोजी आंदोलकांवर झालेल्या गोळीबारात तेरा माणसे मेली आणि कारखाना बंद पडला. आणि शुद्ध तांबे निर्यात करणारा देश पुन्हा आयात करू लागला.

रत्नागिरीकरांना यश का आले? त्यांचे संघटन हे एक कारण. पण दुसरेही आहे: त्यांना काय येते आहे ते कळू शकले. कंपनी भागधारकांची होती, परवाने कागदावर होते, गंधकाचा धूर ही शाळकरी पोरालाही समजणारी वस्तू होती, आणि आंब्याच्या पेटीला बाजारात भाव होता, ज्याच्या आधारे नुकसान मोजता येत होते. जादुगोड्याच्या संथाळ आणि हो आदिवासींजवळ यांपैकी काय होते? श्रीप्रकाश यांच्या 'बुद्धा वीप्स इन जादुगोडा' या १९९९ च्या माहितीपटाने गाळाच्या तळ्यांकाठची गावे, तिथली मुले बाहेरच्यांना दाखवली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने याविषयीची जनहित याचिका अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षांच्या प्रतिज्ञापत्राच्या आधारे निकालात काढली. २००६ च्या डिसेंबरात गाळ वाहून नेणारी नळी फुटली. २०१४ साली झारखंडच्या उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आजारांचे कारण किरणोत्सर्गच की कुपोषण, यावर दोन्ही बाजूंनी अहवाल आहेत आणि तो वाद इथे मिटणार नाही. मात्र त्या गाळातले रेडियम निम्मे व्हायला सोळाशे वर्षे लागतात, यात वाद नाही. अरिकेसरीच्या ताम्रपटाला अजून हजार-एक वर्षेच झाली आहेत. युरेनियमचा स्वतःचा अर्धायुकाल साडेचार अब्ज वर्षांच्या घरात, म्हणजे पृथ्वीच्या वयाएवढा. आचंद्रार्क हा शब्द इतक्या काटेकोरपणे दुसऱ्या कोणत्याही दानाला लागू पडला नसेल.

पुन्हा पवईकडे वळू. कुर्ल्याचा कमानी ट्यूब्ज हा कारखाना मालक कुटुंबातील भांडणांत १९८५ साली बंद पडला. कामगारांनी सहकारी संस्था काढून तो चालवायला मागितला, आणि १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती योजना मान्य केली. देशभर गाजलेले प्रकरण होते ते. काही वर्षे कारखाना नीट चालला, नंतर पुन्हा अडचणीत आला. यंत्रे होती, कसबी हात होते. खेळते भांडवल अपुरे होते. तांब्याच्या नळीच्या किमतीत सर्वात मोठा वाटा तांब्याचाच असतो, आणि ते तांबे रोखीने, त्या दिवशीच्या भावाने घ्यावे लागते. उघड बाजाराचे गुणगान करताना हेही नोंदले पाहिजे. त्याच्या काट्यावर सर्वांचे वजन सारखे होते, पण काट्यापर्यंत पोचायला आधी पैसे लागतात.

साकीनाक्याच्या खैरानी रोडवर आणि जरीमरीच्या गल्ल्यांत भंगाराच्या धंद्यात तांब्याच्या प्रती आहेत. जाड, चकचकीत, सोललेली तार ती पहिली. जळकी, कल्हई लागलेली ती खालची. आयात-निर्यातीच्या व्यवहारात याच प्रतींना बार्ली, बेरी, बर्च, क्लिफ अशी इंग्रजी नावे आहेत, पितळेला हनी. अमेरिकेतील भंगार-व्यापाऱ्यांनी तारेतले शब्द वाचवण्यासाठी योजलेली ही सांकेतिक नावे; तारयंत्र गेले, नावे राहिली. ज्यांनी जव किंवा भूर्ज कधी पाहिले नाही असे व्यापारी त्यांतून बिनचूक व्यवहार करतात. अंधेरीच्या वायदेबाजारातला दर हालला की दुपारपर्यंत इथला हालतो.

याच भंगाराच्या जगात २०२१ च्या मे महिन्यात युरेनियम अवतरले. महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने सात किलोहून थोडे अधिक नैसर्गिक युरेनियम पकडले. एक आरोपी ठाण्याचा, दुसरा मानखुर्दच्या भंगारबाजारातला, म्हणजे तुर्भ्याच्या अगदी उंबऱ्यावरचा. भाभा अणुसंशोधन केंद्राने पदार्थ तपासून तो अस्सल असल्याचे सांगितले. बातम्यांत त्याची किंमत छापून आली: एकवीस कोटी रुपये. एव्हाना युरेनियमला निदान देशाबाहेर एक भाव होता. २००८ नंतर भारताला ते परदेशातून घेण्याची मुभा मिळाली होती. २०१५ साली कॅनडाच्या कॅमेको कंपनीशी पाच वर्षांचा करारही झाला होता. आणि आंतरराष्ट्रीय हजर भाव २००७ साली पौंडाला एकशे तीस डॉलरच्या पुढे जाऊन, २०१६ च्या अखेरीस वीसच्या खाली घसरून, २०२१ च्या त्या मे महिन्यात तीसच्या आसपास होता. हा भाव ऑक्साइडचा. त्या भावाने सात किलो युरेनियमचे फार तर चाळीस हजार रुपये होतात. शुद्धीकरणाची मजुरी कितीही चढवली तरी कोटीची भाषा करता येत नाही. त्याच दिवशी मानखुर्दच्या बाजारात सोललेल्या तांब्याच्या तारेचा भाव काय, हे तिथल्या कोणत्याही पोऱ्याने किलोमागे पाच-दहा रुपयांच्या फरकाने सांगितले असते.